अपक्वाहार: पथ्य की अपथ्य?

चुलीवर न चढविलेले अन्न हेच खरे अन्न, अशी धारणा बाळगणारे रुग्ण आता वैद्यांकडे नित्य येऊ लागले आहेत. कोणी सकाळी पालेभाज्यांचा हिरवा रस घेतो, कोणी भाकरी व भात पूर्णपणे सोडून केवळ फळे, मोडाची कडधान्ये, भिजवलेले बदाम आणि काकडी-गाजर यांवर राहतो. यांतील पुष्कळांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बरे वाटते. वजन उतरते, पोट हलके होते, उत्साह वाढल्यासारखा वाटतो. त्यानंतर तीन-चार महिन्यांनी तेच रुग्ण आध्मान, मलावरोध किंवा वारंवार शौच, केस गळणे, हातापायांना गारवा, स्त्रियांच्या बाबतीत अनार्तव अशा तक्रारी घेऊन पुन्हा येतात. त्या वेळी आहाराविषयी कोणी विचारले नाही, तर वैद्य लक्षणांचीच चिकित्सा करीत राहतो. औषधालयाच्या चालकांपुढेही हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. त्यांच्या फडताळावर दुधी, कारले, आवळा, कोरफड, गहूतृण यांच्या रसांच्या बाटल्या आहेत आणि गिऱ्हाईक विचारते, "हा किती प्यायचा?"

या प्रश्नाचे उत्तर 'कच्चे चांगले' किंवा 'कच्चे वाईट' असे एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी अन्नाचा पाक नेमका कोठे आणि कोणाकडून होतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. या लेखात आम्ही तसा प्रयत्न केला आहे.

पुण्याच्या परिसरातील पूर्वेतिहास

हा विषय पुणेकरांना नवा नाही. निसर्गोपचाराचा प्रसार करणाऱ्यांत महात्मा गांधींचे नाव अग्रभागी आहे आणि अपक्वाहाराचे प्रयोग त्यांनी स्वतःवर दोनदा केले. पहिला प्रयोग १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे झाला. तो अल्पकाळच टिकला आणि त्याचा वृत्तान्त त्यांनी पुढे लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दुसरा प्रयोग मे १९२९ मध्ये सुरू झाला. त्या वेळचा त्यांचा दैनंदिन आहार त्यांनी 'यंग इंडिया'त मांडला होता: मोड आलेले गहू आठ तोळे, वाटलेले बदाम आठ तोळे, वाटलेला हिरवा पाला आठ तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध. आठवड्यातून दोन-तीन वेळा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे असत. ऑगस्ट महिन्यात आमांशाचा त्रास झाल्याने हा प्रयोग त्यांना थांबवावा लागला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. प्रयोगकर्ता अत्यंत नियमनिष्ठ होता, मापे मोजलेली होती, श्रद्धाही दृढ होती. तरीही पचनसंस्थेने तीन महिन्यांत आपला निर्णय दिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुढे पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजींचा मुक्काम अनेकदा झाला. १९४५ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय निसर्गोपचार न्यास स्थापन झाला. ताडीवाला रस्त्यावरील त्याच वास्तूत, म्हणजे बापू भवनात, १९८६ साली राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थान सुरू झाले. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळी कांचन येथे राहिले आणि तेथील आश्रमाचा भार त्यांनी मणिभाई देसाई यांच्यावर सोपविला. उरुळीच्या ग्रामीण रुग्णांना त्यांनी सूर्यस्नान, कटिस्नान, रामनाम यांसोबत दूध, ताक आणि फळांचा रस सांगितला. १९२९ चा कडक अपक्वाहार त्यांनी त्या गरीब रुग्णांवर लादला नाही.

निसर्गोपचाराच्या शास्त्रशुद्ध परंपरेतही कच्चे अन्न हा आजन्म आहार मानलेला नाही. तेथे आहाराच्या शोधक, शामक आणि पुष्टिकर अशा तीन पायऱ्या मानतात. लिंबूपाणी, शहाळे, रस ही पहिली पायरी. फळे, कोशिंबिरी, वाफवलेल्या भाज्या ही दुसरी. कोंड्यासह दळलेल्या पिठाची पोळी-भाकरी, हातसडीचा तांदूळ, थोडी डाळ, दही ही तिसरी. म्हणजे रुग्णाला अखेर शिजवलेल्या धान्याकडे परत आणणे हे तेथेही अभिप्रेतच आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवरच आयुष्य काढावयाचे, हा अर्थ अलीकडच्या उत्साही प्रचारकांनी काढलेला आहे.

संहितांचा दृष्टिकोन: करण आणि अग्नी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. त्यांत प्रकृतीनंतर लगेच करण येते. करण म्हणजे द्रव्यावर केलेला संस्कार आणि संस्कार म्हणजे गुणान्तराचे आधान. जलसंयोग, अग्निसंयोग, शुद्धी, मंथन, देश, काल, भावना हे सारे संस्काराचे प्रकार होत. येथे अग्नी हा अनेक संस्कारांपैकी एक आहे, एकमेव नाही. भिजविणे, वाटणे, घुसळणे, आंबविणे यांनीही द्रव्याचे गुण पालटतात. म्हणून 'कच्चे' आणि 'शिजवलेले' एवढ्या दोन खणांत अन्न मावत नाही.

याच संहितेच्या अन्नपानविधी अध्यायात हरितवर्ग असा स्वतंत्र वर्ग आहे. आले, मुळा, लिंबू, कोथिंबीर, कांदा, लसूण अशी, मुख्यतः हिरवीच वापरली जाणारी द्रव्ये त्यात येतात. कच्चे खाणे आयुर्वेदाला मान्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा वर्ग पाहावा. परंतु त्यातील द्रव्यांचे स्वरूपही पाहावे. बहुतेक सारी कटू, तीक्ष्ण, दीपन, रोचन आहेत. ती पोट भरण्यासाठी नाहीत, अग्नी जागा करण्यासाठी आहेत. भोजनापूर्वी सैंधव लावून आल्याचा तुकडा चघळण्याची प्रथा याच विचारातून आली. याउलट शाकवर्गातील पालेभाज्यांविषयी चरकांचे म्हणणे असे, की त्या वाफवून, रस पिळून टाकून, स्नेहयुक्त करून खाणे प्रशस्त. एकाच अध्यायात एका वर्गाला चूल नको आणि दुसऱ्याला हवी, हा भेद हेतुपूर्वक केलेला आहे.

एका मुळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. कोवळा मुळा दोषहर, जून झालेला मुळा त्रिदोषकर, स्नेहात सिद्ध केलेला मुळा वातहर आणि वाळलेला मुळा कफवातघ्न असे त्याचे वर्णन आहे. द्रव्य एकच, गुण चार. कच्चा मुळा हितकर की अहितकर, या प्रश्नाला 'कोणता मुळा?' हाच प्रतिप्रश्न योग्य ठरतो.

दुधाविषयीही असेच. कच्चे दूध गुरू व अभिष्यंदी, तेच तापविल्यावर लघू व अनभिष्यंदी आणि अति आटविल्यास पुन्हा गुरू, असा क्रम सुश्रुतसंहितेत आहे. धारोष्ण दुधाची स्तुती आहे, हे खरे. पण ती आपल्या दारच्या निरोगी गाईच्या कासेतून नुकत्याच निघालेल्या दुधाची आहे. अनेक गोठ्यांतून गोळा होऊन काही तासांनी शहरात पोहोचणाऱ्या दुधाला ती लावता येत नाही. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस व क्षयाचे जंतू येऊ शकतात. म्हणून धारोष्णाच्या नावाखाली न तापविलेले दूध पिण्याचा सल्ला आज कोणत्याही वैद्याने देऊ नये.

संस्काराने सारे लघूच होते, असेही नाही. व्रीहीच्या लाह्या केल्या की गुरू द्रव्य लघू होते, पण सातूचे शिजवलेले गोळे केले की लघू द्रव्य गुरू होते. अर्धवट शिजलेले, अति शिजलेले आणि करपलेले अन्न चरकांनी पाकविरुद्ध म्हणून वर्ज्य मानले आहे. तळलेले, वारंवार तापविलेले अन्न खाऊन आजारी पडलेला माणूस कच्च्या आहाराने बरा होतो, तेव्हा त्याच्या सुखाचे कारण कच्चेपणात असतेच असे नाही. पुष्कळदा ते वर्ज्य केलेल्या तळणात, मैद्यात, साखरेत आणि मिठात असते.

'पक्व' या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत आपण फळ 'पिकले' म्हणतो आणि अन्न 'पक्व' म्हणतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. ऊन आणि काल यांनी फळातील पिष्टाची शर्करा केली, आंबटपणा उतरविला, गर मऊ केला. हाही एक पाकच आहे आणि तो झाडावर होतो. म्हणून पिकलेले केळे, द्राक्ष किंवा डाळिंब हे चूल न पाहताही अपक्व नव्हे. चरकांनी फळांत द्राक्षाला श्रेष्ठ मानले, ते काही शिजवून खावयास सांगण्यासाठी नव्हे. फळे पिकलेलीच गुणवान, बेलफळ मात्र कोवळेच चांगले, असा अपवादही संहितेत नोंदलेला आहे.

धान्य आणि कडधान्य यांचे तसे नाही. त्यांतील पिष्ट व प्रथिने बीजाने स्वतःच्या अंकुरासाठी राखून ठेवलेली असतात आणि ती सहज कोणाला पचू नयेत अशीच त्यांची रचना असते. येथे चुलीचे काम अटळ होते. चुलीने ते केले नाही, तर ते जाठराग्नीवर येऊन पडते. या एका सूत्रावर अपक्वाहाराचा सारा विचार उभा करता येतो. चुलीवरचा पाक हा जाठराग्नीच्या पाकाचा पूर्वार्ध आहे. पूर्वार्ध गाळला, तर उत्तरार्धाचा भार दुप्पट होतो. तो भार समाग्नी वा तीक्ष्णाग्नी पुरुष काही काळ वाहू शकेल. विषमाग्नी व मंदाग्नी पुरुषात त्याची परिणती आम, विष्टब्ध किंवा रसशेष अजीर्णात होईल.

येथे एक शंका येते. कच्चे अन्न गुरू असेल, तर ते खाणारा कृश का होतो? गुरू आहाराने तर बृंहण व्हावे. याचे उत्तर असे, की जे पचते तेच बृंहण करते. कच्च्या भाज्यांचे आकारमान मोठे, त्यांतील ऊर्जा थोडी आणि त्यातीलही काही भाग न पचताच पुढे जाणारा. पोट भरते, धातू भरत नाहीत. रूक्ष व शीत गुणांनी वात वाढतो तो निराळाच. म्हणून अशा रुग्णात आध्मानासह कार्श्य असे परस्परविरोधी वाटणारे चित्र दिसते. त्याकडे 'शरीरशुद्धी चालली आहे' म्हणून दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

स्वरसाची मात्रा काय सांगते?

भैषज्यकल्पना शिकलेल्या प्रत्येकाला हे सूत्र परिचित आहे. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट या पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत गुरू आणि पुढची प्रत्येक कल्पना क्रमाने लघू. शार्ङ्गधरांनी स्वरसाची मात्रा अर्धा पल सांगितली आणि तिचे कारण त्याचे गुरुत्व हेच दिले. अर्धा पल म्हणजे दोन तोळे, आजच्या मापाने सुमारे २४ ग्रॅम. रात्रभर ठेवलेला व अग्निसिद्ध रस असेल, तर मात्रा एक पल. क्वाथाची मात्रा दोन पल.

अग्निसंस्कार वाढतो तशी मात्रा वाढविता येते, हे यातून स्पष्ट होते. वनस्पतीचा ताजा, कच्चा रस हे तीव्र औषध आहे, पेय नव्हे. मोठा पेलाभर, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर हिरवा रस उपाशीपोटी रोज घेणारा मनुष्य शास्त्रोक्त मात्रेच्या आठ ते दहा पट औषध घेत असतो. औषधालय चालकांनी आपल्या गिऱ्हाइकाला हा एक हिशेब समजावून सांगितला, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

आधुनिक संशोधनाचे निष्कर्ष

जर्मनीतील गीसेन विद्यापीठात दीर्घकाळ अपक्वाहार घेणाऱ्यांचा विस्तृत अभ्यास झाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पाचशेहून अधिक व्यक्तींचा समावेश होता आणि त्यांच्या आहाराचा किमान ७० टक्के भाग कच्चा होता. या आहारावर आल्यापासून पुरुषांचे वजन सरासरी सुमारे १० किलो, तर स्त्रियांचे सुमारे १२ किलो घटले होते. ४५ वर्षांखालील स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अंशतः वा पूर्णपणे थांबली होती आणि आहारातील कच्च्याचे प्रमाण जितके अधिक, तितके हे प्रमाणही अधिक होते. याच गटाने २००५ मध्ये २०१ व्यक्तींचे रक्त तपासले. अपायकारक कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड कमी आढळले, हा लाभ. परंतु ३८ टक्के व्यक्तींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात कच्चा शाकाहार घेणाऱ्यांची अस्थिघनताही कमी आढळली. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांत ब-१२ ची कमतरता मुळातच पुष्कळ. त्यात दूध-ताकही वर्ज्य केले, तर काय होईल हे सांगावयास नको.

पोषकतत्त्वांच्या बाबतीत लाभहानी दोन्ही बाजूंना आहे. क जीवनसत्त्व व फोलेट उष्णतेने आणि पाण्यात उतरून नष्ट होतात, म्हणून ताजी फळे, लिंबू, आवळा यांना पर्याय नाही. उलट गाजरातील कॅरोटीन व टोमॅटोतील लायकोपिन शिजविल्याने व स्नेहासह घेतल्याने अधिक शोषले जाते. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी सुमारे निम्मीच लहान आतड्यात पचतात, शिजविलेल्या अंड्यातील नव्वद टक्क्यांच्या आसपास. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील लेक्टिनमुळे काही तासांतच तीव्र वांत्या होतात. सोयाबीनसारख्या कडधान्यांतील, प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये उष्णतेनेच निष्प्रभ होतात.

पालेभाजीचा रस पिळून टाकावा, या चरकोक्तीवर आक्षेप घेतला जातो की त्यामुळे जीवनसत्त्वे वाया जातात. आक्षेप निराधार नाही. पण त्याच पाण्यात विद्राव्य ऑक्झलेटही निघून जाते. पालकाचा कच्चा रस रोज मोठ्या प्रमाणात घेणाऱ्यांना वृक्कविकार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. अश्मरीचा इतिहास असलेल्या रुग्णाला जीवनसत्त्वासाठी लिंबू द्यावे, पालकाचा रस देऊ नये.

कच्च्या अन्नातील एन्झाइमे स्वतःच अन्न पचवितात आणि शिजविल्याने ती मरतात, हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. ही एन्झाइमे म्हणजे प्रथिनेच होत. जठरातील तीव्र आम्लात बहुतेकांचे कार्य संपते आणि इतर प्रथिनांप्रमाणे तीही पचून जातात. त्यांच्या भरवशावर जाठराग्नीला विश्रांती मिळेल, ही अपेक्षा फोल आहे.

मोड, माती आणि पाणी

अग्निसंस्काराचा आणखी एक गुण म्हणजे शुद्धी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या विकाराचा उद्रेक झाला. रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींचा मृत्यू झाला. अनेक रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. पाणी उकळून पिण्याचा व कच्चे, अर्धवट शिजलेले अन्न टाळण्याचा सल्ला त्या वेळी दिला गेला. ज्या पाण्याने कोशिंबिरीची काकडी धुतली जाते ते पाणीच दूषित असेल, तर काकडीच्या सात्त्विकतेने काही साधत नाही.

मोडाच्या धान्याविषयी विशेष सावध राहिले पाहिजे. मोड येण्यास लागणारी ऊब व ओल जंतूंनाही तितकीच मानवते. २०११ साली जर्मनीत पसरलेल्या ई-कोलायच्या साथीचा माग मोडाच्या मेथीपर्यंत लागला. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते व फायटेट घटते, हे खरे. तथापि विरूढ धान्याकडे संहितांनी अनुकूल दृष्टीने पाहिलेले नाही, त्याला गुरू व विष्टंभी मानले आहे. आपल्या घरांत मटकीला मोड आणून तिची उसळ करतात, ती फोडणीत हिंग घालून. मोडाचा लाभ आणि अग्नीचा लाभ असे दोन्ही तीत साधतात.

याशिवाय मातीतून भाज्यांवर येणारी पट्टकृमीची अंडी हे मेंदूतील गाठींचे व अपस्मारसदृश झटक्यांचे एक कारण आहे. मांस न खाणाराही त्यापासून सुरक्षित नाही. पालेभाजीचे एकेक पान वाहत्या स्वच्छ पाण्यात धुणे, साल काढता येईल ती काढणे आणि चिरल्यावर लगेच खाणे, हे नियम रुग्णाला आवर्जून सांगावेत.

दुधीच्या रसाचा धडा

औषधालय चालकांनी एक प्रकरण कायम स्मरणात ठेवावे. २०१० साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्यानंतर एका व्यक्तीचा मृत्यू झाला. तशाच आणखी घटना पुढे आल्यावर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने त्यांचा अभ्यास केला आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. दुधी, काकडी, दोडका यांच्या कुळातील फळांत कुकुर्बिटासिन नावाची तीव्र कडू द्रव्ये कधी कधी वाढतात. कडू रस प्याल्यास काही वेळातच पोटदुखी, वांत्या, अतिसार, रक्तवमन आणि रक्तदाब घसरणे असा क्रम दिसतो. यावर प्रत्युपाय असे विशिष्ट औषध नाही. समितीचा सल्ला साधा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीची फोड चाखावी, कडू लागल्यास ती टाकून द्यावी आणि रस प्याल्यावर अस्वस्थता वाटल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

'औषध म्हटले की कडू असणारच' ही आपल्याकडील समजूत येथे घातक ठरते. कारल्याचा कडवटपणा स्वाभाविक, दुधीचा अस्वाभाविक. दोन्ही रस एकत्र केले, तर हा भेद जिभेला कळत नाही. म्हणून असे मिश्र रस ताजे काढून विकणे टाळावे. बाटलीबंद रस अन्न म्हणून विकला जातो की औषध म्हणून, हेही वेष्टनावरून तपासावे. अन्नासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, औषधासाठी १९४० च्या औषध कायद्याखालील परवाना, तर 'आयुर्वेद आहार' या नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांना २०२२ चे स्वतंत्र विनियम लागू आहेत. मधुमेह किंवा कर्करोग बरा होईल असा दावा करणारे पत्रक दुकानात लावणे १९५४ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरू शकते.

कोणाला, केव्हा, किती?

व्यवहारात उपयोगी पडेल असा विचार आम्ही येथे संक्षेपाने मांडतो.

अग्नी: समाग्नी व बलवान व्यक्तीला प्रत्येक जेवणात वाटीभर कोशिंबीर आणि दिवसातून एक-दोन पिकलेली फळे हितकर. मंदाग्नी, ग्रहणी, आमवात, परिणामशूल यांत कच्चे अन्न जवळजवळ वर्ज्य मानावे. भाजी वाफवून, ताक जिरेपूड-सैंधव घालून द्यावे.

ऋतू: हेमंतात अग्नी प्रबळ असतो, म्हणून गाजर, मुळा, हिरवा कांदा पचविण्याचा तो खरा काळ. वर्षा ऋतूत अग्नी मंद आणि पाणी गढूळ. चातुर्मासात श्रावणात पालेभाजी वर्ज्य करण्याचा आपल्याकडील व्रताचार या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. उन्हाळ्यात उकाडा असल्याने कच्चे अन्न मानवते ही समजूत अर्धीच खरी. त्या काळी रसाळ फळे व पन्हे चालतात, मोडाच्या कडधान्यांचे ढीग चालत नाहीत.

वय व अवस्था: गर्भिणी, सूतिका, वाढीची बालके, सत्तरीपुढील वृद्ध, दात नसलेले, कृश व नुकतेच आजारातून उठलेले यांना केवळ अपक्वाहार कदापि सांगू नये. शोधनानंतर आपण पेया-विलेपीपासून संसर्जनक्रम सुरू करतो, फळांच्या फोडींपासून नव्हे. अग्नी क्षीण असताना त्याला पूर्वपक्व अन्न द्यावयाचे, हे तत्त्व सर्वत्र लागू आहे.

चालू औषधे: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने एकाएकी भात-भाकरी सोडली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीवर घसरू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्याने हिरव्या पाल्याचे रस सुरू केले, तर त्यातील के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. वृक्कविकारात फळांचे रस व शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम हृदयाला अपायकारक ठरू शकते. अशा रुग्णाने आहार बदलण्यापूर्वी त्याच्या उपचारक डॉक्टरांना कळविले आहे की नाही, हे वैद्याने विचारलेच पाहिजे.

कालमर्यादा: स्थूल, बलवान, संतर्पणजन्य विकार असलेल्या रुग्णाला फळे, कोशिंबिरी व वाफवलेल्या भाज्या यांचा अल्पकाळ उपक्रम लंघनाच्या अंगाने देता येतो. मात्र तो किती दिवसांचा, त्यानंतर कोणत्या क्रमाने धान्य सुरू करावयाचे आणि वजन, हिमोग्लोबिन, ब-१२ केव्हा पाहावयाचे, हे आरंभीच रुग्णपत्रकावर लिहावे. ज्याचा अन्त लिहिलेला नाही असा लंघनोपक्रम देऊ नये.

आपल्या ताटाची डावी बाजू

हे सारे गणित महाराष्ट्रातील पारंपरिक ताटात आधीच मांडलेले दिसते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूला, थोड्या मात्रेत. भाजी, आमटी, भात, पोळी किंवा भाकरी मुख्य. कोशिंबिरीलाही शेंगदाण्याचे कूट, लिंबू, मीठ आणि वर मोहरी-हिंगाची फोडणी, म्हणजे संस्कार येथेही सुटलेला नाही. चैत्रात हळदीकुंकवाला होणाऱ्या आंबेडाळीत हरभऱ्याची डाळ कच्चीच असते, पण ती भिजवलेली, वाटलेली, कैरीने आंबट केलेली आणि हिंगाची फोडणी दिलेली. शिवाय ती हातावर थोडीशीच घालतात. हुरड्याचे कोवळे दाणेही आगटीत भाजूनच खातात. कच्चे अन्न हितकर ठरण्यासाठी लागणारी मात्रा, संस्कार आणि ऋतू या तिन्ही अटी या पदार्थांत पाळल्या गेल्या आहेत.

तेव्हा अपक्वाहाराविषयी विचारणाऱ्या रुग्णाला परावृत्त करताना त्याची टिंगल करू नये. ताज्या फळभाज्यांची त्याची ओढ रास्त आहे आणि तळणे-मैदा सोडण्याचा त्याचा निश्चय तर जपलाच पाहिजे. त्याला ताटाची डावी बाजू भरपूर व स्वच्छ ठेवण्यास सांगावे आणि उजवी बाजू पुसून टाकण्यापासून रोखावे. जो रुग्ण अनेक महिने केवळ कच्च्यावर राहून आला असेल, त्याला एका दिवसात पुरणपोळीवर आणू नये. मुगाचे कढण, तांदळाची पेज, तुपाची धार घातलेला मऊ भात या क्रमाने आठ-दहा दिवसांत त्याचा अग्नी सावरावा. स्त्री रुग्णाची पाळी थांबलेली असल्यास आर्तवप्रवर्तक औषध देण्यापूर्वी तिला पुरेसे अन्न द्यावे. पुष्कळदा तीच तिची पहिली चिकित्सा ठरते.